बॅलेच्या उडीतले हात जमिनीवरच कसे सुधारायचे

बॅलेच्या वर्गात सलग सोळा सोते, म्हणजे दोन्ही पायांवरच्या सरळ उड्या, घातले की पहिल्या चार उड्यांपर्यंत सगळ्यांचे हात सुरेख असतात. पाचवीला कोपरं सैल पडतात, आठवीला खांदे कानांकडे सरकतात, आणि बारावी येईपर्यंत हात धडापासून सुटून आपले आपण वरखाली व्हायला लागतात. अशा वेळी मी कित्येक वर्षं एकच गोष्ट करत आले: बाजूला उभं राहून "हात!" म्हणून ओरडायचं. मुली लगेच हात घट्ट धरायच्या, मान आखडायची आणि उडी आणखी जड व्हायची.

मग एकदा कागदावर हिशेब मांडला. तीस सेंटीमीटर उंच उडीत पाय जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद जातो. वीस सेंटीमीटरच्या उडीत ०.४ सेकंद. एवढ्या वेळात सूचना ऐकायची, समजून घ्यायची आणि हात नीट करायचे, हे कुणालाच शक्य नाही. हवेत दिसणारा हात खरं तर आधीच ठरलेला असतो. तुम्ही कसे उभे होता, प्लिएत, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाताना, हात कुठे होते, मागच्या उडीतून कसे उतरलात, यावर तो ठरतो. म्हणून या लेखातला बराचसा सराव जमिनीवर, भिंतीपाशी आणि बारपाशी, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्यापाशी, आहे. उड्या त्यानंतर येतात.

हे सगळं किमान वर्षभर शिक्षकांकडे बॅले शिकलेल्यांसाठी आहे. दोन्ही पायांवरचा सोते, म्हणजे प्लिएतून सरळ वर आणि परत प्लिएत, तुम्हाला सुरक्षितपणे करता यायला हवा.

शब्दांचा एक गोंधळ आधीच मिटवते. हातांच्या स्थितींचे क्रमांक प्रत्येक पद्धतीत वेगळे असतात. डोक्यावरच्या गोल हातांना वागानोवा ही रशियन पद्धत तिसरी स्थिती म्हणते आणि ब्रिटनमधल्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षांत तीच पाचवी असते. त्यामुळे मी क्रमांक वापरत नाही. 'खाली' म्हणजे मांड्यांसमोर गोल हात, 'समोर' म्हणजे छातीच्या हाडाच्या खालच्या टोकासमोर, 'बाजूला' म्हणजे दोन्हीकडे उघडलेले, आणि 'वर' म्हणजे डोक्याच्या किंचित पुढे.

पहिली पायरी: स्वतःला बघा

आरशात बघून उडी सुधारत नाही. आरशात बघायचं म्हणून मान पुढे येते आणि नेमकं जे तपासायचं तेच बदलतं. त्यापेक्षा फोन कमरेच्या उंचीवर कशाला तरी टेकवा आणि स्लो मोशनमध्ये दोन चित्रफिती घ्या, एक समोरून आणि एक बाजूनं. अंगाला बसणारा टॉप घाला. खांद्याच्या टोकावर आणि मानेच्या मुळाशी हाताला लागणाऱ्या ठळक मणक्यावर रंगीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. आठ सोते हात 'खाली' ठेवून करा आणि आठ हात 'समोर' नेत.

बघताना पूर्ण उडी बघू नका. चार क्षणांवर चित्र थांबवा: प्लिएचा सर्वांत खोल बिंदू, बोटं जमीन सोडतात तो क्षण, सर्वांत उंच बिंदू, आणि उतरतानाचा प्लिए. प्रत्येक चित्रात तीनच गोष्टी तपासा. खांद्यावरची पट्टी आणि कानाची पाळी यांतलं अंतर कमी झालं का? खालच्या बरगड्या पुढे फुगल्या का? कोपर मनगटाच्या खाली लोंबलं का?

बहुतेकांना इथे एक धक्का बसतो. खांदे वर गेलेले दिसतात उंच बिंदूवर, पण चित्र मागे नेलं की ते प्लिएतच उचलायला लागलेले सापडतात. तुमचं बिघडणं चारपैकी कोणत्या क्षणी सुरू होतं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या पायऱ्यांपैकी कोणती जास्त करायची ते त्यावरून ठरेल.

दुसरी पायरी: बरगड्या ओटीपोटावर

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळवे जमिनीवर. एक हात खालच्या बरगड्यांवर, दुसरा ओटीपोटावर. श्वास घेताना बरगड्या बाजूंना रुंदावू द्या, छताकडे उसळू देऊ नका. सोडताना त्या आत आणि खाली उतरतात, हे हाताला कळलं पाहिजे.

आता दोन्ही हात गोल ठेवून हळूहळू डोक्यामागच्या जमिनीकडे न्या. एका बिंदूला बरगड्या वर येऊ लागतील आणि कंबरेखाली पोकळी वाढेल. त्याच्या आधी थांबा. कंबरेतून उसनं न घेता तुमचे हात आज इतकेच वर जातात. उभं राहिल्यावर 'वर' म्हणजे तेवढंच. हात थोडे पुढे राहिले तरी चालतील. तसंही 'वर'मधले हात समोर बघताना, मान न उचलता, नजरेच्या वरच्या कडेला दिसायला हवेत.

हे आठ वेळा, रोज. तीन मिनिटांचं काम आहे आणि ते टाळलेलं मला लगेच ओळखू येतं, कारण बरगड्या सुटलेल्या अंगाला उडी मारताना पोट आणि पाठ यांचा खांबच मिळत नाही. पायांनी दिलेला जोर मग कंबरेत वाकून वाया जातो.

तिसरी पायरी: 'खांदे खाली' या सूचनेचं काय करायचं

बॅले शिकलेल्या प्रत्येकानं ही सूचना हजारदा ऐकलेली असते. मीही ऐकली. इमानदारीनं खांदे खाली दाबत राहिले, आणि हात वर नेले की मानेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ओढल्यासारखं व्हायचं. कारण समजायला शरीररचना थोडी बघावी लागते.

हात मांडीपासून थेट डोक्यावर नेला तर साधारण १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि उरलेले सुमारे ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून मिळतात. फरा म्हणजे पाठीवरचं खांद्याचं पसरट हाड. हात वर जाताना त्याचं खालचं टोक काखेच्या दिशेनं बाहेर आणि वर वळतं. तसं वळलंच पाहिजे. तुम्ही फरा खाली आणि मणक्याकडे दाबून धरलात तर ते ६० अंश मिळत नाहीत. मग शरीर दुसरीकडून भरपाई करतं: बरगड्या फुगतात, कंबर वाकते, किंवा मानेजवळचा स्नायू पूर्ण खांदाच कानाकडे खेचतो. म्हणजे जे टाळायला सांगितलं होतं तेच घडतं.

म्हणून मी आता "खांदे खाली" म्हणत नाही. "फरे रुंद" म्हणते. दोन फऱ्यांमधली जागा पसरलेली, मान लांब, आणि हात वर जाताना फऱ्याचं टोक काखेकडे सरकतंय. फऱ्याला बरगड्यांशी धरून फिरवणारा एक स्नायू काखेखाली बरगड्यांवर पसरलेला असतो, सेरेटस अँटिरिअर. उडीतल्या हातांसाठी हा स्नायू जागा असणं फार महत्त्वाचं आहे. त्यासाठी दोन सोपे व्यायाम.

पहिला, चार पायांवर म्हणजे तळहात आणि गुडघे टेकून. कोपरं सरळ ठेवा. छाती दोन फऱ्यांच्या मधून खाली सोडा, मग कोपर न वाकवता जमीन दूर ढकला. पाठीचा वरचा भाग फऱ्यांमध्ये भरून आल्यासारखा वाटेल. दहा वेळा, सावकाश. पाठीची कमान करू नका, हालचाल फक्त फऱ्यांची आहे.

दुसरा, भिंतीकडे तोंड करून. कोपरापासून करंगळीपर्यंतचा हात भिंतीला टेकवा, दोन्ही हातांत खांद्याइतकं अंतर. भिंत किंचित दाबत हात वर सरकवा, कोपरं डोळ्यांच्या उंचीला येईपर्यंत. कुणाला तरी तुमच्या फऱ्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवायला सांगा. हात वर जाताना ते बोट काखेकडे सरकलं तर बरोबर, जागच्या जागी राहिलं तर तुम्ही अजून दाबून धरताय. आठ वेळा.

हात वर नेताना खांद्यात चिमटा बसल्यासारखं दुखत असेल तर सराव थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. ताणून तो चिमटा जात नाही.

चौथी पायरी: हात पाठीतून निघतो

सर्वांत हलका रबरी पट्टा घ्या. पाठीमागून, फऱ्यांच्या खालच्या टोकांवरून तो न्या आणि टोकं हातांत धरा. हात 'समोर', मग आठ मोजत 'बाजूला', परत आठ मोजत 'समोर'. हात पुढे येतात तेव्हा पट्टा पाठीवर दाबतो आणि हाताचं मूळ कुठे आहे ते पाठ स्वतः सांगते. चार वेळा पट्ट्यासह, मग लगेच चार वेळा पट्ट्याशिवाय, तोच दाब आठवत.

'बाजूला' असताना खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट अशी रेषा किंचित उतरत जाते आणि सगळा हात धडाच्या जरा पुढे असतो. दंड थोडा आत वळलेला असतो, त्यामुळे कोपराचं टोक मागे बघतं, जमिनीकडे नाही. ते टोक जमिनीकडे वळलं की उडीच्या पहिल्याच धक्क्याला हात मधोमध मोडतो. दंडाला जड वजनं बांधून हे साधायला जाऊ नका. वजन आलं की मानेचे स्नायू कामाला लागतात.

भरतनाट्यम शिकून बॅलेकडे आलेल्या मुली माझ्याकडे बऱ्याच असतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. अरमंडीमुळे, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्यामुळे, तुमचं धड प्लिएत सरळ राहतं, ही मोठी शिदोरी आहे. पण नाट्यारंभात, म्हणजे हात बाजूला पसरलेल्या सुरुवातीच्या स्थितीत, कोपर खांद्याच्या उंचीला उचलून धरायची सवय असते, आणि बॅलेतली रेषा खांद्यापासून उतरती असते. कोपराचा आधार तसाच ठेवा, उंची तेवढी दोन बोटं कमी करा. बोटांतला मुद्रेचा ताणही सोडावा लागतो. अंगठा तळहाताच्या दिशेनं आत, बाकी बोटं पाण्यात सोडल्यासारखी.

पाचवी पायरी: हातांशिवाय उडी

आता उड्या. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे, तळवे विरुद्ध खांद्यांवर. आठ सोते. उडीची उंची एकदम कमी झाली तर तुमचे पाय आतापर्यंत हातांच्या झोक्यावर विसंबून होते असं समजा. मग घाई न करता आठवडाभर इथेच थांबा: खोल प्लिए, टाच जमिनीला, चवड्यावरून आणि शेवटी बोटांवरून जमीन ढकलायची.

त्यानंतर हात खालच्या बरगड्यांवर ठेवून आठ. बरगड्या पंजांमधून पुढे निसटू द्यायच्या नाहीत.

नंतर बारकडे तोंड करून, बोटांची टोकं बारवर नुसती ठेवून आठ. बार हलला किंवा खडखडला तर तुम्ही हातांनी स्वतःला वर ढकलताय.

उड्या मारताना आकडे मोठ्यानं मोजा. एक, दोन, तीन... आवाज तुटला किंवा दबला तर श्वास कोंडलाय. कोंडलेला श्वास छातीच्या वरच्या भागात बसतो आणि खांदे उचलून धरतो. मी वर्गात दोन आठवडे सगळ्यांना मोजायला लावते. सुरुवातीला लाजतात, मग आवाज आपोआप मोकळा होतो आणि त्याच्यासोबत मानही.

सहावी पायरी: रुमाल

मोठा रुमाल घ्या, दोन्ही हातांत असा धरा की मध्ये वीतभर कापड हलकंच ताणलेलं राहील. हात 'खाली'. आठ सोते, मग आठ शांजमां, म्हणजे पायांच्या पाचव्या स्थितीतून (एक पाय दुसऱ्याच्या पुढे चिकटवून) उडून हवेत पायांची अदलाबदल.

रुमाल तुम्हाला दोन गोष्टी सांगेल. वर जाताना कापड एकदम खेचलं गेलं तर हात उडीच्या जोरानं उघडतायत. उतरताना कापडाला झोळ पडला तर कोपरं कोसळतायत आणि हात एकमेकांकडे येतायत. दोन्ही न होता सोळा उड्या झाल्या की रुमाल ठेवून द्या आणि हातांमध्ये तो आहे असं समजून परत सोळा करा. रुमाल घट्ट ओढून धरून परीक्षा पास व्हायचा मोह होतो, तेवढा टाळा. तसं केलं तर हात लाकडासारखे होतील.

लहान, जलद उड्यांत हात शांत ठेवणं म्हणजे काय, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बूर्नोनव्हिलची नृत्यं बघा. ऑगस्त बूर्नोनव्हिल, १८०५ ते १८७९, कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश बॅलेचा नृत्यरचनाकार. १८३६ साली त्यानं बसवलेलं 'ला सिल्फिद' आजही रंगमंचावर होतं. त्याच्या शैलीत पाय विजेसारखे चालतात, पण हात बहुतेक वेळ खाली, गोल, निवांत. मी फडफडणाऱ्या हातांच्या प्रत्येक मुलीला हे बघायला सांगते आणि सांगते की पायांकडे बघायचंच नाही.

सातवी पायरी: हात नेमके केव्हा

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, इथे घाई करू नका.

घरी काट्याचा वजनकाटा असेल तर त्यावर उभे राहा आणि दोन्ही हात झटकन 'खाली'पासून 'समोर' न्या. काटा आधी तुमच्या वजनाच्या पुढे जाईल, आणि हात थांबताना वजनाच्या मागे येईल. हात वर निघताना तुम्ही जमिनीला जास्त दाबता. थांबताना हात तुमच्या धडाला वर ओढतात. पाय जमिनीवर असताना हे दोन्ही घडलं तर उडीला मदत होते.

बोटांनी जमीन सोडली की मात्र सगळ्या शरीराचा मार्ग ठरून जातो. हवेत हात कितीही जोरात वर फेकले तरी उंची वाढत नाही. उलट हात वर गेले की तेवढं धड आणि डोकं खाली राहतं. लहान उडीत उशिरा उचललेला हात तुमची दिसणारी उंची कमी करतो. हवेत एक हात झटक्यात एका बाजूला गेला तर धड उलट बाजूला वळतं, हेही त्याच कारणानं. उतरताना शांजमां वाकडा का पडला, याचं उत्तर बरेचदा एखाद्या सुटलेल्या कोपरात असतं.

म्हणून लहान उड्यांसाठी क्रम असा: प्लिए खोल होत असताना हात गोळा होतात, प्लिएच्या तळाशी ते निघालेले असतात, बोटं जमीन सोडतात तेव्हा ते आपल्या जागी पोचत आलेले असतात, आणि हवेत ते स्थिर असतात.

हे शिकायचं ते उडी न मारता. हात 'खाली', प्लिए. "आणि" म्हणताना प्लिएच्या तळाशी हात समोरच्या दिशेनं निघाले पाहिजेत. "एक" म्हणताना रलव्हे, म्हणजे चवड्यांवर वर, आणि टाच पूर्ण उचलली जाते त्याच क्षणी हात 'समोर' पोचलेले. दोन मोजेपर्यंत वर थांबा. मग प्लिएत उतरा, पाय आधी, हात त्यांच्या किंचित मागून. आठ वेळा. मग तोच "आणि एक" तसाच ठेवून रलव्हेच्या जागी लहान उडी. परत रलव्हे, परत उडी. आलटून पालटून केलं की अंगाला फरक कळतो. 'समोर' नीट बसलं की मग हात 'वर' नेणारी उडी, पण दुसऱ्या पायरीत सापडलेल्या तुमच्या मर्यादेइतकीच वर.

आसांब्लेत, म्हणजे एक पाय घासत बाहेर काढून हवेत दोन्ही पाय एकत्र करायच्या उडीत, हेच तत्त्व जरा अवघड होतं. घासणारा पाय बाहेर जाताना हात अर्धे बाजूला उघडतात आणि पाय मिटताना हातही खाली मिटतात. इथे हात पायाच्या आधी उघडले तर धड तिकडे झुकतं. आधी बारपाशी एका हातानं करा, मग मधोमध.

डोकं आणि एपोलमां यांबद्दल थोडंसं. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार ते पाच किलोंचं असतं. प्लिएत नजर जमिनीकडे गेली की एवढं वजन पुढे झुकतं आणि पाठीचा वरचा भाग त्याच्यामागे जातो. नजर समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीच्या किंचित वर ठेवा. एपोलमां, म्हणजे खांद्यांना कमरेवर दिलेला हलका पीळ, शांजमांमध्ये आणायचा असेल तर तो प्लिएत घ्या आणि हवेत बदलू द्या. पीळ छातीच्या मणक्यांतून येतो. एक खांदा पुढे ढकलून तो येत नाही.

आठवी पायरी: ग्रां जते

ग्रां जते म्हणजे एका पायावरून दुसऱ्यावर, हवेत दोन्ही पाय उघडून घेतलेली मोठी उडी. मोठ्या उडीत हातांचा हिशेब बदलतो. आधीचं सगळं पक्कं झाल्याशिवाय इकडे येऊ नका, असं मी मनापासून सांगते.

कोणत्याही उडीत एकूण वेळेतला अर्धा वेळ शरीर उंचीच्या वरच्या चौथ्या हिश्श्यात असतं. निसर्गाचा नियमच तसा आहे, शिखरापाशी वेग मंदावतो. आता ग्रां जतेत नेमकं त्या वेळी दोन्ही पाय आडवे उघडतात आणि हात उंचावतात. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य शरीराच्या आत जरा वर सरकतो. तो मध्य आपल्या ठरलेल्या वक्रावरूनच जातो, पण डोकं आणि धड मात्र क्षणभर सपाट रेषेत पुढे जातात. प्रेक्षकांना वाटतं नर्तिका हवेत थांबली. ही तरंगण्याची जादू पायांइतकीच हातांची आहे.

म्हणून इथे हातांचे दोन टप्पे. ग्लिसाद (जमिनीलगत सरकत घेतलेलं पाऊल) किंवा धावेच्या शेवटच्या पावलाच्या प्लिएत हात खालून 'समोर' येतात, आणि पाय जमीन सोडेपर्यंत ते छातीच्या हाडासमोर गोल पोचलेले असतात. उडीला मदत करणारा भाग एवढाच. पुढे पाय उघडतात तसे हातही उघडत जातात आणि शिखरावर दोघं एकाच वेळी पोचतात. अराबेस्क म्हणजे एका पायावर तोल सांभाळून दुसरा मागे ताणलेली स्थिती; पहिल्या अराबेस्कच्या हातांत पुढचा पाय उजवा असेल तर पुढचा हातही उजवाच, साधारण डोळ्यांच्या उंचीला, आणि दुसरा हात बाजूला, खांद्याच्या किंचित खाली.

सर्वांत जास्त आढळणारी चूक उडीच्या आधीची आहे. जोर घ्यायचा म्हणून दोन्ही कोपरं धडाच्या मागे जातात, छाती पुढे पडते, आणि मग हात खालून वर भिरकावले जातात. टॉपच्या बाजूची शिवण ही तुमची सीमारेषा माना. धावताना कोपर त्या शिवणीच्या मागे जाता कामा नये.

वागानोवाच्या पद्धतीतून शिकलेल्यांच्या मोठ्या उड्यांत हात आणि पाठ मिळून उडी उचलताना दिसतात. रशियन नृत्यशिक्षिका आग्रिपिना वागानोवा १८७९ मध्ये जन्मली, बूर्नोनव्हिल गेला त्याच वर्षी. तिचं शास्त्रीय बॅलेच्या मूलतत्त्वांवरचं पुस्तक १९३४ मध्ये आलं. सगळ्या अंगानं एकत्र काम करायचं, हात नुसते शोभेला ठेवायचे नाहीत, हा तिचा आग्रह. बूर्नोनव्हिलचे निवांत हात आणि वागानोवाचे उचलणारे हात मला परस्परविरोधी वाटत नाहीत. दोन्हींच्या तळाशी शांत, जागी पाठ आहे.

सराव असा करा. आधी चालत: तीन पावलं, शेवटच्या पावलाला प्लिए आणि हात 'समोर', मग उडी न मारता पुढच्या पायावर अराबेस्कमध्ये सरकायचं, हात उघडत. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी, चार वेळा. मग तेच शासे घेऊन, म्हणजे एका पायानं दुसऱ्याचा पाठलाग करत सरकून. मग पाय अर्धेच उघडून लहान उडी. चौथ्या टप्प्यात पूर्ण ग्रां जते, आणि तीही एका तासात प्रत्येक बाजूला सहा-आठपेक्षा जास्त नको. थकल्यावर मारलेली दहावी उडी अंगाला चुकीची सवय लावते.

मागचा पाय उंच ठेवायला पाठ मागे जावी लागते, ते वळण खांद्याच्या फऱ्यांखालून घ्या. सगळं वळण कंबरेत घेतलं तर बरगड्या पुढे फुगतात आणि पुढचा हात आपोआप वर उडतो. हात वर उडालेला दिसला तर मी हाताला हात लावत नाही, कंबर बघते.

नववी पायरी: उतरणं

उतरताना बोटं, चवडा, टाच, मग गुडघे वाकत प्लिए. या सगळ्या वेळात डोकं आणि छाती वर जात राहतात अशी कल्पना करा. पाय खाली, मान वर. हात पायांच्या क्षणभर मागे राहून, हवेत टेकल्यासारखे खाली येतात. पाय आणि हात एकाच क्षणी आदळले तर आवाज होतो, आणि त्या आवाजावरून पाठ फिरवूनही मला कळतं की कुणाचे हात पडले.

भरतनाट्यमच्या मुलींना इथे वेगळी अडचण येते. कुदित्त मेट्टू या पदन्यासात चवड्यावर उडी घेऊन मग टाच ठोकायची असते, तिथे तो नाद हवाच असतो. बॅलेत टाच टेकते पण नाद न करता, आणि हातही त्या ठोक्याला साथ देत नाहीत. त्यांना मी उतरल्यानंतर दोन मोजेपर्यंत प्लिएतच थांबायला सांगते, हात जिथे आहेत तिथेच ठेवून. दोन मोजेपर्यंत स्थिर राहता आलं तर पुढची उडी तिथूनच नीट निघते, कारण उतरतानाचा प्लिए हाच पुढच्या उडीचा पहिला प्लिए आहे.

आठवड्याची वाटणी आणि जमीन

दुसरी ते चौथी पायरी रोज, घरी, दहा-बारा मिनिटं. पाचवी ते सातवी आठवड्यातून तीनदा, अंग पूर्ण गरम झाल्यावर, वर्गाच्या शेवटी. आठवी फक्त वर्गात, शिक्षकांसमोर.

हे कळकळीनं सांगते: घरातल्या लादीवर, फरशीवर, गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उड्या मारू नका. आपल्याकडच्या बहुतेक घरांत फरशीखाली थेट काँक्रीट असतं, ते काहीच शोषून घेत नाही. उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पोटरी, नडगी आणि गुडघ्यांवर येतो. योगासनांची चटई टाकूनही फारसा फरक पडत नाही, उलट पाय मुरगळायची भीती. लवचीक लाकडी जमीन असलेला हॉल मिळेल तेव्हाच उड्या. तोवर रलव्हेवर हातांची वेळ घोटून घ्या. कठीण जमिनीवर वर्ग घेणाऱ्या ठिकाणी उड्यांची संख्या कमी ठेवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. नडगीच्या हाडावर एका ठरावीक जागी दुखत असेल तर उड्या बंद करून डॉक्टरांना दाखवा.

सहा आठवड्यांनी तोच टॉप घाला, फोन त्याच उंचीवर ठेवा, चिकटपट्टी त्याच दोन जागी लावा आणि तेच आठ-आठ सोते परत टिपा. शिखरावरचं चित्र सर्वांत शेवटी बघा. आधी प्लिएच्या तळाचं चित्र जुन्याशेजारी ठेवा आणि खांदा ते कान हे अंतर मोजा.